बिनपाटीची दारे: वेबवरील चित्रनकाशांचा इतिहास

१/
वेबच्या पहिल्या दशकात असंख्य संकेतस्थळांचे मुखपृष्ठ म्हणजे एक मोठे चित्र असे. चित्रात एखादी इमारत, एखादे नगर, नाहीतर यंत्राचा फलक असे. त्यातल्या ठरावीक भागावर क्लिक केले की वेगळे पान उघडे. या युक्तीला 'इमेज मॅप', म्हणजे चित्रनकाशा म्हणतात. आज ती जवळजवळ विस्मरणात गेली आहे. तिचा विषय निघाला की तिच्या भडक रूपाला हसण्यावर भागवले जाते. तिच्या अस्ताचे खरे कारण मात्र वेगळे आहे, आणि ते अजून संपलेले नाही. #थ्रेड

२/
ते कारण थोडक्यात असे: या चित्रांत दारे होती, पण दारांवर पाट्या नव्हत्या. कोणते दार कुठे उघडते हे डोळ्यांनी पाहणाऱ्यालाच कळे. या उणिवेवरचा उत्तम उपाय १९९५ मध्येच लिहून तयार होता. तरीही १९९९ मध्ये एका अंध नागरिकाला त्यासाठी आयोगाकडे दाद मागावी लागली. चांगला उपाय हाताशी असताना तो का डावलला गेला, आणि मराठी वाचकाशी या साऱ्याचा काय संबंध, हे पाहण्यासारखे आहे.

३/
या कल्पनेचे मूळ वेबच्या आधीचे. १९८७ मध्ये अ‍ॅपल कंपनीने बिल अ‍ॅटकिन्सन यांनी घडवलेली 'हायपरकार्ड' ही प्रणाली बाजारात आणली. तिच्यात पडद्यावर पत्त्यांची चळत असे आणि पत्त्यावरील चित्रावर पारदर्शक बटणे बसवता येत. वापरणाऱ्याला बटण दिसत नसे, फक्त चित्र दिसे. १९९३ मध्ये गाजलेला 'मिस्ट' हा खेळ याच प्रणालीवर उभा राहिला. चित्रात शिरायचे, चाचपडायचे आणि दार शोधायचे, हीच त्याची गंमत. खेळात चाचपडणे हा आनंद असतो. गाडीची वेळ शोधताना तो मनस्ताप ठरतो.

४/
वेबचा स्वभाव आरंभी अगदी निराळा होता. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये आपला प्रस्ताव मांडला आणि १९९१ मध्ये वेब बाहेरच्या जगासाठी खुले झाले. त्या वेबचा मूळ घटक शब्द होता. वाक्यातला एखादा शब्द अधोरेखित असे आणि तोच पुढच्या पानाचा दुवा असे. दुवा आणि दुव्याचे नाव या दोन वेगळ्या वस्तू नव्हत्या. ते नाव पडद्यावर वाचा, मोठ्याने ऐका किंवा ब्रेलमध्ये उतरवा. वाट तीच राही.

५/
फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्क अँड्रीसन यांनी पानाच्या मजकुरातच चित्र बसवणारी खूण सुचवली. ते तेव्हा इलिनॉय विद्यापीठातील 'एनसीएसए' या महासंगणक केंद्रात काम करत होते. त्यांनी आणि एरिक बीना यांनी लिहिलेल्या 'मोझेइक' ब्राउझरने त्याच वर्षी चित्रयुक्त वेब घरोघरी पोहोचवण्याची वाट मोकळी केली. या चित्राच्या खुणेला लवकरच 'इझमॅप' नावाचा एक छोटा गुणधर्म जोडला गेला. त्याचा अर्थ एवढाच: हे चित्र नकाशा आहे, वाचकाने त्यावर कुठे बोट ठेवले ते कळवा.

६/
काम चाले ते असे. वाचक चित्रावर क्लिक करी. ब्राउझर त्या बिंदूचे चित्राच्या डाव्या आणि वरच्या कडेपासूनचे अंतर पिक्सेलमध्ये मोजी. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून तो हे दोन निर्देशक सर्व्हरकडे धाडी, उदाहरणार्थ '?२३७,११८'. त्या बिंदूवर वाचनालयाचे दार आहे की उपाहारगृहाचे, याची ब्राउझरला गंधवार्ता नसे. त्याचे काम टपाल्याचे होते, तेही पाकिटावर केवळ आकडे असलेल्या पत्राच्या टपाल्याचे.

७/
खरी माहिती सर्व्हरवरच्या एका वेगळ्या फाइलीत असे. तिच्यात वर्तुळ, आयत आणि बहुभुज यांचे निर्देशक आणि प्रत्येकासमोर एक पत्ता लिहिलेला असे. आलेला बिंदू कोणत्या आकारात पडतो, हे सर्व्हरवरचा प्रोग्राम तपासे. एनसीएसएच्या प्रोग्रामात एका बहुभुजाला १०० शिरोबिंदूंची मर्यादा होती. सर्न आणि एनसीएसए यांच्या फाइली लिहिण्याच्या पद्धतीही वेगळ्या होत्या; सर्व्हर बदलला की नकाशेही नव्याने लिहावे लागत. या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र कायम राही: स्वतः पानाला आपल्यावर कोणते दुवे आहेत हे ठाऊक नसे.

८/
काही ठिकाणी ही पद्धत पूर्णपणे योग्य होती, हे आधी मान्य करायला हवे. जून १९९३ मध्ये झेरॉक्सच्या 'पार्क' संशोधन केंद्रात स्टीव्ह पुट्झ यांनी जगाचा नकाशा वेबवर ठेवला. वाचक नकाशावर क्लिक करी आणि सर्व्हर त्या जागेचा मोठा नकाशा नव्याने काढून पाठवी. तिथे निर्देशकालाच अर्थ होता, कारण पृथ्वीवरचा प्रत्येक बिंदू हे एक संभाव्य उत्तर होते. अशा असंख्य बिंदूंना पाट्या लावणे शक्यही नव्हते आणि त्यांची गरजही नव्हती.

९/
बफेलो येथून १९९४ मध्ये सुरू झालेला 'व्हर्च्युअल टूरिस्ट' हा दुसरा टप्पा. जगाच्या नकाशावर क्लिक करत त्या त्या प्रदेशातल्या वेब सर्व्हरपर्यंत पोहोचायचे, अशी त्याची रचना होती. इथे उत्तरे मोजकी होती आणि प्रत्येकाला नाव होते: खंड, देश, राज्य. म्हणजे हीच माहिती यादीच्या रूपातही देता आली असती. नकाशा इथे सोयीचा आणि सुंदर होता, पण अपरिहार्य राहिला नव्हता. नेमक्या याच उतारावरून वेब पुढे घसरले.

१०/
पुढच्या दोन-तीन वर्षांत दुकाने, विद्यापीठे, नियतकालिके आणि सरकारी खाती यांनी ही युक्ती उचलली. त्यांच्या मुखपृष्ठावर पाच-सात दुवे असत. पाच-सात शब्दांनी जे भागले असते, त्यासाठी गावाचे चित्र काढले जाई: टपाल कचेरी म्हणजे संपर्क, वाचनालय म्हणजे जुने अंक, चावडी म्हणजे चर्चा. नकाशा दाखवायला भूगोलच नव्हता, म्हणून खोटा भूगोल रचला गेला. वाचकाला आधी ते कल्पित गाव समजून घ्यावे लागे आणि मग त्यातून आपले काम शोधावे लागे.

११/
ही केवळ हौस होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्या काळच्या एचटीएमएलमध्ये पानाची मांडणी करण्याची साधने जवळजवळ नव्हती. अक्षराचा घाट, रंग, दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवणे, काहीच रचनाकाराच्या हाती नव्हते. मांडणीची 'सीएसएस' ही भाषा प्रमाणित झाली ती डिसेंबर १९९६ मध्ये. शिवाय जुन्या एचटीटीपीमध्ये प्रत्येक चित्रासाठी सर्व्हरशी स्वतंत्र जोडणी करावी लागे. दहा छोट्या बटणांपेक्षा एक मोठे चित्र कित्येकदा परवडे. कारागिराच्या हाती एकच हत्यार असेल तर तो त्यानेच सगळी कामे करणार.

१२/
किंमत मात्र वाचक मोजत होता. १९९४ च्या सुमारास घरगुती मोडेमचा प्रचलित वेग सेकंदाला १४,४०० बिट होता, म्हणजे अगदी आदर्श स्थितीत १,८०० बाइट. ५० किलोबाइटचे एक चित्र उतरायला सुमारे २८ सेकंद लागत. शब्दांचा दुवा क्षणात दिसे. चित्र पूर्ण उतरेपर्यंत वाचकासमोर रिकामी चौकट असे, आणि त्या चौकटीत कुठेतरी दारे आहेत एवढेच त्याला कळे. दूरध्वनीचे बिल मिनिटागणिक चढत असताना ही प्रतीक्षा केवळ कंटाळवाणी नव्हती, खर्चिकही होती.

१३/
चित्र उतरल्यावरही अडचण संपत नसे. साध्या दुव्यावर माउस नेला की ब्राउझरच्या तळपट्टीत त्याचा पत्ता दिसे. चित्रनकाशावर माउस फिरवला की तिथे केवळ आकडे पळताना दिसत. चित्रातला कोणता भाग जिवंत आहे आणि कोणता नुसती शोभा, हे क्लिक केल्याशिवाय उमगत नसे. वाचनाचे रूपांतर अंदाजाच्या खेळात झाले होते. ज्याला दिसत होते त्याचीच ही अवस्था. ज्याला दिसत नव्हते त्याची कल्पना करावी.

१४/
कॅन्सस विद्यापीठात १९९२ मध्ये जन्मलेला 'लिंक्स' हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर त्या काळी फार वापरात होता. संथ जोडणी असलेले, जुना संगणक असलेले आणि कितीतरी अंध वाचक त्यावर विसंबून होते. चित्रनकाशाच्या जागी लिंक्स चौकटी कंसात एकच शब्द दाखवी: 'इझमॅप'. अख्खे संकेतस्थळ त्या एका निरर्थक शब्दामागे बंद झालेले असे. तो शब्द निवडला तर निर्देशक म्हणून जाई '०,०', म्हणजे चित्राचा डावा वरचा कोपरा. बहुधा तिथे काहीच नसे.

१५/
ज्यांना दिसत नव्हते त्यांत आणखी एक मोठा वर्ग होता: यंत्रे. डिसेंबर १९९५ मध्ये 'अल्टाव्हिस्टा' हे शोधयंत्र सुरू झाले. अशा यंत्रांचे प्रोग्राम पानावरचे दुवे वाचत पुढच्या पानांवर जातात. चित्रनकाशावर वाचायला दुवेच नव्हते. हजारो बिंदूंपैकी कोणता दाबायचा हे प्रोग्रामला कोण सांगणार? ज्या पानांकडे जाणारी वाट केवळ चित्रातून होती, ती पाने शोधयंत्राला सापडत नसत. अंध वाचक आणि शोधयंत्र यांची अडचण एकच होती. फरक इतकाच, की शोधयंत्राची अडचण व्यापाऱ्यांना लवकर कळली.

१६/
या टप्प्यावर इतिहासाला एक चांगले वळण मिळू शकले असते. मार्च १९९५ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी 'एचटीएमएल ३.०' चा मसुदा मांडला. त्यात चित्रासाठी 'फिग' नावाची नवी खूण होती. तिची रचना मोठी शहाणपणाची होती. लेखकाने आधी दुव्यांसह साधा मजकूर लिहायचा आणि प्रत्येक दुव्याला चित्रातला आकार जोडायचा. चित्र दिसले तर तेच दुवे चित्रावर उमटायचे. चित्र नसेल तर तोच मजकूर यादीसारखा वाचता यायचा. इथे नाव आधी होते आणि आकार नंतर.

१७/
हा मसुदा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुदत संपून मागे पडला. तो फार मोठा होता आणि ब्राउझर कंपन्यांना स्पर्धेत थांबायला वेळ नव्हता. त्याऐवजी 'स्पायग्लास' कंपनीतील जेम्स साइडमन यांनी मांडलेली आटोपशीर योजना टिकली. ऑगस्ट १९९६ मध्ये ती 'आरएफसी १९८०' म्हणून प्रसिद्ध झाली. त्याआधीच 'नेटस्केप २' मध्ये ती आलेली होती. या योजनेत आकारांची यादी सर्व्हरवरून उठून पानातच आली. प्रत्येक क्षेत्राला पत्ता होता आणि हवे असल्यास पर्यायी मजकूरही जोडता येत होता.

१८/
ही सुधारणा मोठी होती, याबद्दल दुमत असू नये. आता तळपट्टीत आकड्यांऐवजी खरा पत्ता दिसू लागला, सर्व्हरवरचा एक फेरा वाचला, लिंक्ससारखा ब्राउझर क्षेत्रांची यादी दाखवू शकला. पण 'फिग' आणि ही योजना यांत एक सूक्ष्म अंतर राहिले. 'फिग'मध्ये नाव लिहिल्याशिवाय दुवा तयारच होत नसे. इथे आकार आणि पत्ता दिला की दुवा चालू होई. नाव लिहिणे लेखकाच्या मर्जीवर राहिले. जे मर्जीवर सोडले जाते ते घाईत गळते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

१९/
प्रमाणकारांना हे लवकरच कळले. डिसेंबर १९९७ च्या 'एचटीएमएल ४.०' ने चित्र आणि नकाशातले क्षेत्र या दोन्हींसाठी पर्यायी मजकूर अनिवार्य केला. मे १९९९ मध्ये सुगम्यतेची पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांत सर्व्हरवर चालणाऱ्या नकाशातील प्रत्येक जिवंत भागासाठी शब्दांतला दुवा वेगळा द्यावा, याला सर्वोच्च अग्रक्रम होता. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात मजकूर नसलेली पाने ब्राउझर पूर्वीसारखीच निमूटपणे दाखवत राहिले. नियम होता, पण तो मोडल्याचे कोणालाच जाणवत नव्हते. ज्यांना जाणवत होते त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते.

२०/
ऐकायला भाग पाडले ते ब्रूस मॅग्वायर यांनी. जन्मतः अंध असलेले हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ ब्रेल अक्षरे उमटवणाऱ्या पट्टीच्या साहाय्याने संगणक वापरत. सिडनी ऑलिंपिकच्या आयोजन समितीविरुद्ध त्यांनी जून १९९९ मध्ये मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे तक्रार केली. संकेतस्थळाबाबत त्यांच्या मागण्या तीन होत्या: सर्व चित्रांना आणि चित्रनकाशातल्या दुव्यांना पर्यायी मजकूर द्यावा, वेळापत्रकाच्या पानावरून खेळांच्या सूचीकडे जाता यावे, निकालांचे तक्ते वाचता यावेत. आधार होता १९९२ च्या अपंगत्व भेदभाव प्रतिबंधक कायद्याचा.

२१/
समितीचा बचाव बोधप्रद आहे. खेळांच्या सूचीबद्दल तिचे म्हणणे असे, की वाचकाने प्रत्येक खेळाच्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टंकित करावा, म्हणजे तो तिथे पोहोचेल. ज्याला दार सापडत नाही त्याला घराचा क्रमांक तोंडपाठ असावा, अशी ही अपेक्षा होती. निकालांचे तक्ते सुधारायला एका माणसाला ३६८ दिवस लागतील आणि खर्च २० लाख डॉलरच्या पुढे जाईल, असाही दावा होता. तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांच्या मते एक अनुभवी विकसक छोट्या गटासह ते काम चार आठवड्यांत करू शकला असता.

२२/
२४ ऑगस्ट २००० रोजी आयोगाने निर्णय दिला: संकेतस्थळ मॅग्वायर यांच्याशी भेदभाव करते आणि १५ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे क्रीडास्पर्धेच्या उद्घाटनापर्यंत, ते सुधारावे. समितीने आदेशाचे पूर्ण पालन केले नाही. स्पर्धा झाल्या, पदके वाटली गेली, आणि नोव्हेंबरमध्ये आयोगाने समितीला २०,००० डॉलर भरपाई देण्यास सांगितले. रक्कम मोठी नव्हती. पण एखाद्या दुव्याला नाव नसणे हा तांत्रिक हलगर्जीपणा नसून नागरिकाला दारात अडवणे आहे, हे एका अधिकृत संस्थेने लेखी नोंदवले. अमेरिकेनेही त्याच वर्षी डिसेंबरात सरकारी संकेतस्थळांसाठी चित्रनकाशांविषयीचे नियम जाहीर केले.

२३/
त्यानंतर चित्रनकाशा ओसरला, पण तो लाजेखातर नव्हे. सीएसएसमुळे शब्दांनाच देखणे रूप देता येऊ लागले. २००७ मध्ये आयफोन आला. नकाशाचे निर्देशक ठरावीक पिक्सेलमध्ये असल्याने छोट्या पडद्यावर चित्र आकसले की दारे जागच्या जागी राहत आणि चित्र सरकून जाई. बोटाने वापरायच्या पडद्यावर माउस फिरवून चाचपण्याची सोयही उरली नाही. एचटीएमएलच्या आजच्या प्रमाणातही नकाशाची खूण शाबूत आहे, पण मुखपृष्ठाचा राजमार्ग म्हणून तिचे दिवस संपले. युक्ती गेली, तिच्यामागची सवय मात्र गेली नाही.

२४/
यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. अक्षरओळख बेताची असलेल्या समाजात चित्र हेच सर्वांत खुले दार नाही का? आक्षेपात तथ्य आहे. भारतात निवडणुकीतली पक्षचिन्हे याच विचारातून आली. परंतु मतपत्रिकेवर चिन्हाशेजारी उमेदवाराचे नावही असते, आणि मतदान यंत्रावर ब्रेल अंकही असतात. चित्राने शब्दाची जागा घेतली नाही. दोघे शेजारी उभे राहिले. चित्रनकाशाच्या इतिहासातून निघणारा निष्कर्षही हाच आहे. चित्र ज्याला वाट दाखवते त्याच्याकडून ते काढून घेण्याचे कारण नाही. पण चित्राच्या भरवशावर नाव गाळण्याचा अधिकार कोणालाही नाही.

२५/
मराठीचा या गोष्टीशी संबंध दुहेरी आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात देवनागरी मजकूर सर्व संगणकांवर एकसारखा दिसेल याची खात्री नसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजमध्ये तिची खरी सोय झाली ती विंडोज २००० पासून. तोवर प्रत्येक संस्थेचा फाँट वेगळा, आणि तो वाचकाकडे नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग. म्हणून शीर्षके आणि दुवे चित्रात काढून ठेवण्याचा मार्ग अनेकांनी पत्करला. तेव्हा ती अगतिकता होती आणि ती समजण्यासारखी होती.

२६/
आज ती अगतिकता उरलेली नाही. तरी मराठीतला सर्वांत मोठा जिवंत चित्रनकाशा रोज सकाळी उघडतो. तो म्हणजे ई-पेपर. छापील पानाचे चित्र पडद्यावर येते, त्यातल्या बातमीवर क्लिक केले की तिचे कात्रण मोठे होऊन समोर येते, आणि ते कात्रणही बहुधा चित्रच असते. छापील पानाची मांडणी डोळ्यांसमोर राहते, हे त्याचे मोल नाकारता येत नाही. परदेशी गेलेल्या मराठी माणसाला त्यातून गावाकडच्या आवृत्तीचा वास येतो. पण स्क्रीन रीडरला त्या पानात एकही अक्षर सापडत नाही.

२७/
विरोधाभास असा, की ती बातमी छपाईपूर्वी संगणकावर अक्षरांतच लिहिलेली असते. अक्षरे होती, त्यांचे चित्र केले गेले आणि वाचकापर्यंत चित्रच गेले. मराठी बोलणारे स्क्रीन रीडर आज मोफत उपलब्ध आहेत. त्यांना वाचायला मजकूर तेवढा हवा. शिवाय प्रश्न केवळ अंध वाचकाचा नाही. चित्रात अडकलेली बातमी शोधयंत्राला मिळत नाही, दहा वर्षांनी अभ्यासकाला सापडत नाही, मोबाइलवर अक्षर मोठे करून वृद्ध वाचकाला नीट वाचता येत नाही. अल्टाव्हिस्टाच्या काळी जे घडले तेच पुन्हा घडते आहे.

२८/
कायदा या बाबतीत आता मौन नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचे कलम ४२ माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेविषयी आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे ठरवले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला गेला. तरीही सिडनीचा धडा हाच, की आदेश निघाला म्हणजे दार उघडलेच असे होत नाही.

२९/
कोणत्याही पानाची परीक्षा घेण्याचा मार्ग सोपा आहे. ब्राउझरमधली चित्रे बंद करावीत, माउस बाजूला ठेवावा, आणि केवळ टॅबच्या कळीने पान ओलांडावे. प्रत्येक थांब्यावर एखादे अर्थपूर्ण नाव ऐकू येते का, एवढेच पाहावे. येत असेल तर वर चित्र, नकाशा, हवे ते चढवावे. त्याने शोभाच वाढेल. येत नसेल तर ते पान १९९३ मध्येच उभे आहे, त्याचे रूप कितीही नवे असो. नकाशावर जिल्हा निवडायला सांगणाऱ्या सरकारी पानाला आणि ई-पेपरला हीच कसोटी लावावी.

३०/
रॅगेट यांच्या मसुद्याने १९९५ मध्ये जो क्रम सुचवला होता, तो तंत्राइतकाच सौजन्याचा होता: आधी नाव लिहा, मग त्याला आकार द्या. वेबने घाईत तो क्रम उलटा केला आणि पुढची कित्येक वर्षे नावे मागाहून चिकटवण्यात घालवली. ते चिकटवणे अजून अपुरे आहे. मराठीत नव्याने पान रचणाऱ्या प्रत्येकाला मात्र पहिल्या दिवसापासून योग्य क्रम पाळण्याची संधी आहे. त्यासाठी लागणारा खर्च प्रत्येक दुव्यामागे दोन-तीन शब्दांचा आहे.

(समाप्त)